फ्रिज बोलतोय

अप्पा,

तुमची व्याख्या चुकलेली आहे. नववीच्या वर्गात फळ्यावर लिहून दिलीत, आमच्याकडून घोकून घेतलीत, आणि मीही पुढं ज्युनिअर कॉलेजात इतकी वर्षं पोरींना तीच देत आले. नियमित कंपनांनी होतो तो संगीतमय ध्वनी, अनियमित कंपनांनी होतो तो गोंगाट. काल कानाच्या दवाखान्यात त्या बंद काचेच्या खोलीत बसून आले आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. कुणावर तरी ओरडायचंय. ह्यांच्यावर ओरडून झालं, रिक्षावाल्यावर झालं, भाजीवाल्याशी उगाच भांडून आले. आता राहिलात तुम्ही. तुम्हाला जाऊन एक तप होत आलं म्हणून काही सूट मिळणार नाही.

झालंय असं की माझ्या कानात एक आवाज बसलाय. दोन्ही कानांत, सतत. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ जशी बारीक सूं करते ना, तसा. उठताना, जेवताना, वर्गात, देवापुढं, कुठंही. आधी वाटलं बाहेरून येतोय. मग वाटलं थकवा असेल. शेवटी गेले दवाखान्यात. तिथं कान तपासणारी एक चुणचुणीत पोरगी होती, तिनं माझ्या डोक्यावर ते हेडफोन चढवले आणि म्हणाली, "मॅडम, मी एकेक आवाज सोडते, तुमच्या कानातल्यासारखा आला की हात वर करा." केला हात वर. ती स्क्रीनकडं बघून हसली, पत्रिका जुळल्यासारखी. "एकदम प्युअर टोन आहे मॅडम. खूप लोकांना खरखर येते, तुमचा स्वच्छ सूर आहे." म्हणजे अभिनंदन! अप्पा, तुमच्या व्याख्येप्रमाणं माझ्या डोक्यात संगीत चाललंय. अगदी नियमित, एका कंपनाचा फरक नाही, तंबोऱ्यालाही जमणार नाही इतकं पक्कं. आणि मला ते भिंतीवर डोकं आपटून बंद करावंसं वाटतंय. आता सांगा, हा ध्वनी कुठल्या रकान्यात लिहू?

तुम्ही म्हणाल, व्याख्या भौतिकशास्त्राची आहे, तुझ्या आवडीनिवडीची नाय. हे वाक्य मला पाठ आहे. फुलंब्रीच्या त्या शाळेत, पत्र्याच्या वर्गात, पहिल्या बाकावर मी बसलेय. घरी अप्पा आणि शाळेत सर, हे मला कधी धड जमलं नाही, जीभ अडखळायची. तुम्ही विचारता, गोंगाट म्हणजे काय? मी ताडकन उठून सांगते, मोठा आवाज. आणि तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणता, "मोठा का लहान कुणी इचारलं तुला? मास्तराची पोरगी अन् ही अक्कल! नियमित का अनियमित ते सांग." वर्ग खिदळतो. घरी आल्यावर मी जेवले नाही, तर तुम्ही आईला विचारलं, "हिला काय झालं?" खरंच माहीत नव्हतं तुम्हाला. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही तो डबा आणलात. तुपाचा रिकामा डबा, दोन्ही बाजू कापलेला, एका तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधलेलं, त्यावर चिमूटभर रवा. मला पुढं बोलावलं आणि म्हणालात, "खालनं तोंड लाव अन् सूर धर." मी सा धरला. रवा हलला, सरकला आणि रबरावर गोल गोल कडी उमटली. सगळे बाकावर चढून बघायला लागले. मग तुम्ही वर्गाला सांगितलं, आता ओरडा. पोरं ओरडली तशी कडी मोडली आणि रवा सैरावैरा उडाला. "बघा. सुरानं आकार धरतो, गोंगाटानं मोडतो." ती तुमची माफी होती हे मला लई उशिरा कळलं, पण कळलं. डबा अजून आहे माझ्याकडं. रबर दरवर्षी बदलते.

तुम्हाला आकार धरणाऱ्या गोष्टींचं वेड होतं. संध्याकाळी एसटीनं परत आलात की चहा, आणि चहा झाला की पखवाज. आई पोळ्यांची कणीक मळायला घ्यायची आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात हात पुढं करून उभे. "जरा दे." आई म्हणायची, "रोजची एक पोळी ह्या ढोलक्याच्या घशात." तुम्ही म्हणायचात, "ढोलकं नाय, पखवाज हाय." मग ती ओली कणीक पखवाजाच्या डाव्या तोंडावर मधोमध थापायची, अंगठ्यानं कडा दाबत, थाप मारून बघायचं, पुन्हा चिमूटभर काढायची, पुन्हा थाप. कणकेशिवाय ते कातडं नुसतं भद्द वाजायचं. कणीक बसली की तेच कातडं घुमायचं, घरातली भांडी सुद्धा गप्प झाल्यासारखी वाटायची. मला मांडीवर घेऊन तुम्ही समजावलं होतं, की नुसत्या कातड्याची कंपनं एकमेकांच्या ओळखीची नसतात, ज्याची त्याची वाट वेगळी. उजव्या तोंडाला शाईचा काळा लेप, डाव्याला कणीक, असं मधे वजन टाकलं की ती एकमेकांच्या हिशोबानं चालायला लागतात. "वजन टाकलं की गोंगाटाचा सूर होतो, बाळा." वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची आणि बाहेर कोंबड्यांना टाकायची. हे सगळं मला अजून दिसतं, आणि ऐकूही येतं. तो घुमार खालचा आहे ना, खालचे आवाज अजून शाबूत आहेत माझे.

गेले ते वरचे. त्या पोरीनं कागदावर आलेख काढून दिला, डावीकडं बरा चाललाय आणि मग दौलताबादच्या कड्यासारखा सरळ खाली. मोहरी तडतडलेली मला ऐकू येत नाही, अप्पा. तेलात टाकते आणि वाट बघत उभी राहते, जळल्याचा वास आला की कळतं. परवा ह्यांनी विचारलं, आज आमटीला कोळशाची फोडणी दिलीस का? मी कढईच आपटली. ती मात्र ऐकू आली.

आणि वर्ग. मागच्या महिन्यात ध्वनीचा धडा घेत होते. डबा, रबर, रवा, सगळा तुमचाच थाट. एका पोरीनं सूर धरला, कडी उमटली, पोरींनी मोबाईल काढून व्हिडिओ घेतले. मी व्याख्या दिली. तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या पोरीनं हात वर केला आणि काहीतरी विचारलं. तिचे ओठ हलले, मला नुसतं आ-ऊ-ए आलं. म्हटलं, जोरात बोल. ती जोरात बोलली, आ-ऊ-ए मोठं झालं, बाकी काही नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर वर्गात ती कुजबुज सुरू झाली जी ऐकू येत नाही पण दिसते. मी म्हटलं, "चांगला प्रश्न आहे, उद्या बघू." चांगला प्रश्न! तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "मॅडम, मग आपण बोलतो ते काय, संगीत का गोंगाट?"

अप्पा, तुम्हाला हे कुणी विचारलं होतं का हो? कारण मी रिक्षात बसल्यावर विचार करत गेले आणि हादरले. आ, ई, ऊ हे सगळे नियमित. गळ्यातून येतात, रव्यावर कडी काढतात. आणि स, श, च, ट, क? नुसती वाऱ्याची फसफस आणि आपटाआपटी. अनियमित. तुमच्या भाषेत गोंगाट. घरी येऊन डब्याखाली तोंड लावून स्स्स केलं, तर रवा जागचा हलेना की धड आकार धरेना. म्हणजे माणूस माणसाशी बोलतो त्यातला अर्थ बराचसा त्या गोंगाटात असतो, आणि माझा नेमका तोच गेलाय. सूर राहिला, बोलणं गेलं. तुम्ही आम्हाला एक चांगला आणि एक वाईट असं शिकवलंत, शुभ-अशुभासारखं. नसतं शिकवलंत तर काय बिघडलं असतं? तिला दुसऱ्या दिवशी मी खरं उत्तर दिलं, की दोन्ही, आणि दोन्ही लागतं. तुमची व्याख्या फळ्यावरून पुसली नाही, पण पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी बोलावलं. लई गोड बोलले. गोड बोलणारी माणसं तोंडावर हात ठेवून का बोलतात देव जाणे, मला तिसऱ्यांदा विचारावं लागलं. म्हणणं एवढंच, की मॅडम, पुढच्या वर्षी तुम्ही परीक्षा विभाग सांभाळा, वर्ग नवीन मॅडमला देऊ, तुम्हालाही आराम. आराम! खोलीत बसून गठ्ठ्यांना दोऱ्या बांधायच्या आणि धडा शिकवायचा दुसऱ्या कुणीतरी. माझा वर्ग मला पाहिजे, अप्पा. मला दुसरं काही येत नाही, आणि हे बरं येतं. डॉक्टर म्हणतात, दोन्ही कानांना मशीन लावा, वर्ग सुटणार नाही. आणि आतला सूर? "त्याला औषध नाही, पण बाहेरचं ऐकू यायला लागलं की तो मागं पडतो. सवय होते." ह्यांना अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, इतना डीजे बजता शहर में, कान बंद हुए तो नसीब समझो." मागच्या लॉनवर रोज कुणाचं तरी लग्न, खिडकीच्या काचा थरथरतात, आणि ह्याला ते नसीब. त्याचं भाडं मी सुट्ट्या नाण्यांत दिलं.

मशीनला मी नाही म्हणून आले होते. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमचं मशीन मी बघितलंय. आई गेल्यावर तुम्ही आमच्याकडं गारखेड्याला राहायला आलात, ऐकायला कमी येत होतंच, ह्यांनी हौसेनं मशीन आणून दिलं. तुम्ही ते आठवडाभर लावलंत आणि मग औषधाच्या डब्यात ठेवून दिलंत. "त्यात माणसं ऐकू येत नायत, नुसती भांडी ऐकू येतात." झालं. आम्ही सगळे ओरडून ओरडून घसा बसवून घेतोय आणि तुम्ही आपले शांतपणे हसताय. आणि मग ती कणकेची तऱ्हा. मी कणीक मळून ठेवावी, आंघोळीला जावं, येऊन बघते तर परातीतल्या गोळ्याचा लचका तुटलेला. फ्रिजच्या मागं कणीक. खिडकीच्या गजाला कणीक. मीटरच्या पेटीला, कपाटाच्या दाराला, वॉशिंग मशीनच्या बुडाला. "काय करताय अप्पा?" "फ्रिज बोलतोय." "कपाट कुठं बोलतं हो?" "तेबी बोलतंय. वजन टाकलं की गप होईल." वाळून दगड झालेली कणीक मी उलथन्यानं खरवडायची, आणि मुंग्या! साऱ्या कॉलनीच्या मुंग्या आमच्या घरी नांदायला. पाहुण्यांना आम्ही सांगायचो, वय झालं, पखवाज सुटला, आता फ्रिजवर हात साफ करतायत. तुमच्यासमोर सांगायचो, ऐकू येत नाही म्हणून.

आज सकाळी मी मेन स्विच पाडला. मशीन नको, पण आधी खातरजमा, म्हणजे तुमचीच शिकवण, पहिलं यंत्र तपासा मग निसर्गाला दोष द्या. रविवार होता. ह्यांची आंघोळ चाललेली. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि तो सूं इतका फ्रिजच्या दिशेनं येत होता की पैज लावली असती. तशीच कणकेच्या हातानं उठले आणि खटकन सगळं घर बंद केलं. पंखे थांबले. इन्व्हर्टरही बंद केला. मग फ्रिजवर हात ठेवला, जसा तुम्ही शिकवायचात, की ध्वनी असेल तर कंपन असेल, कंपन असेल तर हाताला कळेल, कान फसतो, तळवा फसत नाही. फ्रिज गार आणि मुका. सूर चालूच.

आणि हात तिथंच असताना मला तो दिवस आठवला. उन्हाळ्याचा. मी उत्तरपत्रिका तपासत बसलेय, पुठ्ठ्यानं वारा घेत, घाम कागदावर टपकतोय. तुम्ही फ्रिजमागं हात घालून कणीक दाबताय. मी चिडून म्हणतेय, "पुरे करा आता, फ्रिज काही बोलत नाही." तुम्ही म्हणता, "बोलतोय गं. तुला ऐकू येत नाय." आणि मी, "मशीन तुम्हाला लागलंय अप्पा, मला नाही." तुम्ही हात धुवायला गेलात. आता एवढं आठवल्यावर मी विचारते स्वतःला, पुठ्ठ्यानं वारा का घेत होते? लाईट गेली होती म्हणून. सकाळपासून कॉलनीत लाईट नव्हती. फ्रिज बंद होता, आणि भौतिकशास्त्राची बाई तिथं चार हातांवर बसून बंद फ्रिजच्या आवाजावर वाद घालत होती.

अप्पा, तुमचाही तळवा होता ना फ्रिजवर? तुम्ही कणीक लावायच्या आधी प्रत्येक वस्तूवर हात ठेवायचात, मी बघितलंय. मग तुम्हाला कळलंच असणार. कपाट बोलत नाही, गज बोलत नाहीत, बोलतंय ते आत. तुम्हाला कळलं होतं आणि तरी तुम्ही कणीक लावत होतात. सांगितलं का नाहीत? अहो, ज्यानं तुपाच्या डब्यातून ध्वनी दाखवला, ज्यानं एसटीचं इंजिन कुठल्या पट्टीत घुमतंय ते कंडक्टरला सांगितलं, त्या माणसाला स्वतःच्या लेकीला एक वाक्य सांगता येऊ नये? माझ्या कानात वाजतंय. तीन शब्द. संताप येतो मला! आणि कसला सूर होता तुमचा? माझ्यासारखा वरचा, बारीक? का खालचा? आयुष्यभर सगळ्याची पट्टी काढलीत आणि हीच तेवढी न सांगता गेलात. मला आता कुणाला विचारता येणार आहे ते?

"मेन कुणी पाडला?" अंगाला साबण, कमरेला टॉवेल, हे दारात. मी म्हणाले, "काही नाही. फ्रिज बोलतोय का ते बघत होते." म्हणाले आणि स्वतःचंच वाक्य ऐकून गार पडले. ह्यांनी तुमची ती सगळी वर्षं बघितलीयत, उलथनं कैक वेळा ह्यांच्याच हातात होतं. मला वाटलं आता म्हणणार, अप्पांसारखं करू नकोस. तसं म्हटलं असतं तर मी परात फेकली असती. पण हे तसेच ओले पाय घेऊन आत आले, परातीतला गोळा तोडला आणि माझ्यासमोर धरून म्हणाले, "कुठं लावू?"

मी रडले, अप्पा. चांगली भोकाड पसरून रडले, आणि रडता रडता सगळं सांगितलं. सूर, मोहरी, ती पोरगी, प्राचार्य, सगळं. ह्यांना वाटत होतं बायको नुसती चिडचिडी झालीय. साबण वाळला त्यांच्या अंगावर, पण हलले नाहीत. तुम्हाला कुणी विचारलं नाही, कुठं लावू म्हणून. आम्ही फक्त खरवडत राहिलो. विचारलं असतं तर बोलला असतात का, का तरी फ्रिजकडंच बोट दाखवलं असतंत? तुमचा भरवसा नाही.

उद्या सोमवारी मशीन आणायला जातेय. भांडी ऐकू आली तर भांडी. प्राचार्यांना सांगणार आहे की वर्ग सोडणार नाही, आणि पोरींना पहिल्याच तासाला सांगणार आहे की बाईंच्या कानात काय वाजतं, म्हणजे तो धडा तरी नीट होईल. हे लिहिलेलं कुठं पाठवू, त्याचा पत्ता नाही. तुम्हाला वाचून दाखवायचं तरी ओरडून दाखवावं लागलं असतं.

आणि एक. ह्यांनी तो कणकेचा गोळा वाया जाऊ नये म्हणून खरंच फ्रिजच्या मागं दाबून बसवला, तुम्ही बसवायचात तिथंच, मग मेन चढवला. फ्रिज तोच आहे, तुमच्या वेळचा. अप्पा, त्याची ती खालची घरघर असते ना, जिची आम्हाला इतक्या वर्षांत सवय होऊन गेली होती, ती कमी झाली. दोघांनी हात ठेवून बघितलं, तळव्यालाही कळलं. लाईट असायची तेव्हा तो खरंच बोलत होता. मुंग्या लागल्यात दुपारपासून, पण कणीक मी काढलेली नाही.